कुर्ल्याचं इंजिन, तुरीनचे उस्ताद : प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर २०२३

इंजिन आलं. छोट्या टेम्पोतून, जुन्या टायरवर टेकवून, चारी बाजूंनी सुतळीनं आवळलेलं. ३० ऑक्टोबरला मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीचा अधिकृत शेवट झाला, पेपरांत फोटो आले, सगळ्यांना गहिवरून आलं, आणि त्याच आठवड्यात भंगारवाल्यानं भाव चढवला. हे इंजिन मात्र बऱ्याच आधी मोडीत निघालेल्या टॅक्सीचं. क्रँक (पिस्टनच्या धावेनं गोल फिरणारा दांडा) फिरतोय, ब्लॉकला तडा नाही, एवढं बघून घेतलं. बाकी उघडल्यावर कळेल.

बेत असा: एक मित्र इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. तिथं फेब्रुवारीत प्रदर्शन आहे. हे इंजिन स्टँडवर चालू करून दाखवायचं आणि मागे फलक लावायचे. फलक पद्मिनीचे नाहीत. पद्मिनीच्या आठवणी काढणारे पुष्कळ आहेत, त्यात आमची भर नको. ज्यांनी याच इंजिनाला शर्यतीत पळवलं, त्या माणसांचे फलक करायचे आहेत.

याच म्हणजे अक्षरशः याच. ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ७५ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव), १०८९ सीसी. हे माप १९३७ च्या फियाट ५०८ सी गाडीत आलं (हीच पुढे फियाट ११००), ताकद ३२ अश्वशक्ती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडत होती तोवर माप तेच राहिलं. मधल्या काळात इटली आणि फ्रान्समधल्या चार-पाच जणांनी या खटाऱ्यातून काय काय काढलं, ते आपल्याकडे कुणी सांगत नाही. टॅक्सीचं इंजिन म्हटलं की विषय संपतो.

११ नोव्हेंबर २०२३

दिवाळीच्या तोंडावर नाना पेठेत मिस्त्री मिळणं म्हणजे नवसाचं काम. आमचे मिस्त्री आले ते 'हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडून देतो, बाकी दिवाळीनंतर' या बोलीवर. पस्तीसेक वर्षं फियाटच केल्या असल्यामुळे नट सैल करताना ते पान्याकडे बघतसुद्धा नाहीत.

हेड निघालं. अॅल्युमिनियमचं हेड, बिडाचा ब्लॉक. त्यामुळे गाडी एकदा तापली की हेड वाकणार, हे ठरलेलं. स्ट्रेट एज ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवलं तर मधोमध ०.१५ मिलिमीटर सहज जातंय. एक्झॉस्ट व्हॉल्वच्या सीट, म्हणजे व्हॉल्व टेकतो त्या कडा, खोल बसलेल्या. मिस्त्री म्हणाले, "सीएनजीवर चाललीय ही. सीएनजी कोरडा जळतो, सीट खातो." चारही एक्झॉस्ट सीट नव्या बसवाव्या लागतील.

मग त्यांनी विचारलं, "साहेब, पण ह्याचं रेसशी काय?" मी मोबाइलवर नुव्होलारी या इटालियन शर्यतपटूचा फोटो काढून दिला. चालत्या गाडीत बसलेला माणूस आणि त्याच्या हातात सुटून आलेलं स्टिअरिंग. मिस्त्रींनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. "स्प्लाइनवरचा नट सैल राहिला असणार. पिटमध्ये कुणीतरी शिव्या खाल्ल्या असतील त्या दिवशी." पिट म्हणजे शर्यतीत गाडी दुरुस्तीला थांबते ती जागा.

दिवाळीनंतर नक्की येतो म्हणाले.

१९ नोव्हेंबर २०२३

इंजिनाला हात लागलेला नाही. आज फक्त पहिल्या फलकाचा मजकूर केला.

चिसितालिया. ही पिएरो दुझिओची कंपनी. दुझिओ हा इटलीतल्या तुरीनचा पैसेवाला उद्योगपती, फुटबॉलमधला माणूस, स्वतः हौशी शर्यतपटू. युद्ध चालू असतानाच त्यानं ठरवलं की युद्ध संपल्यावर लोकांना शर्यती हव्या असतील आणि खिशात पैसे नसतील, तेव्हा स्वस्तात एक आसनी शर्यतीची गाडी करायची. त्यासाठी त्यानं फियाटमधला दान्ते जाकोसा गाठला. टोपोलिनो आणि ५०८ सी या गाड्या ज्याच्या हाताखाली आकाराला आल्या, तोच हा जाकोसा. दिवसा फियाटची नोकरी आणि संध्याकाळी दुझिओच्या बंगल्यावर ड्रॉइंग बोर्ड, असं करून त्यानं डी४६ चा आराखडा उभा केला. पुढचं काम जोव्हान्नी सावोनुत्सीनं हाती घेतलं. सांगाडा नळ्या जोडून केलेला, कारण दुझिओच्या कारखान्यात सायकली होत होत्या आणि नळ्या वाकवून जोडणारे कारागीर हाताशी होते. इंजिन ११०० फियाटचं, ड्राय संप करून (ऑइल इंजिनाखाली न ठेवता वेगळ्या टाकीत) ६० अश्वशक्तीच्या आसपास आणलेलं. गिअरबॉक्स, सस्पेन्शनचे भाग, जे जे फियाटचं वापरता येईल ते ते वापरलेलं.

३ सप्टेंबर १९४६ ला तुरीनच्या व्हॅलेंतिनो बागेतल्या कोप्पा ब्रेत्सी शर्यतीत अशा सात गाड्या एकदम उतरल्या. जिंकला खुद्द दुझिओ. लक्षात राहिला नुव्होलारी. स्टिअरिंगचं चक्र निघून हातात आलं, तेव्हा उरलेला दांडा धरून तो पिटपर्यंत आला, वर येता येता चक्र हलवून दाखवत. मिस्त्रींनी पाहिलेला फोटो तो हाच.

दुसऱ्या वर्षीची मिल्ले मिल्या, म्हणजे इटलीतली हजार मैलांची रस्त्यावरची शर्यत, त्याहून मोठी गोष्ट आहे. नुव्होलारी ५४ वर्षांचा, फुप्फुसं निकामी होत आलेली, पेट्रोलच्या धुरानं उलट्या व्हायच्या. उघडी चिसितालिया २०२, तीच १०८९ सीसी. समोर बियोन्देत्तीची २९०० सीसीची आल्फा रोमिओ. अर्ध्याहून अधिक शर्यत नुव्होलारी पुढे होता. मग मुसळधार पाऊस आला, इग्निशनमध्ये पाणी शिरलं, वेळ गेला. दुसरा आला. फलकावर मी 'दुसरा' हा शब्द मोठ्या टायपात घेतोय. भाचा म्हणतो पोस्टरवर कुणी दुसरा नंबर मोठा लिहीत नाही. राहू दे म्हटलं.

आणखी एक ओळ फलकावर जाणार: पिनिनफारिनानं बॉडी केलेली चिसितालिया २०२ न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं १९५१ च्या मोटारींच्या प्रदर्शनात मांडली आणि पुढे आपल्या संग्रहातही घेतली. दादर स्टेशनबाहेर मीटर टाकून उभी असायची त्या गाडीचं इंजिन ज्या घराण्यातलं, त्याच घराण्याचं इंजिन त्या बॉनेटखाली.

२६ नोव्हेंबर २०२३

ब्लॉक लेथवाल्याकडे नेला. बोअर गेजनं पाहिलं तर चारही सिलिंडर वरच्या टोकाला झिजून किंचित अंडाकृती. रिबोअर (सिलिंडर कातून मोठे करणं) अटळ. ट्वेंटी थाऊचे, म्हणजे इंचाच्या वीस सहस्रांशानं मोठे पिस्टन नाना पेठेत अजून मिळतात. डबा जुना, पण माल कोरा. अर्धा मिलिमीटर वाढवून बोअर साधारण ६८.५. हिशेब केला: ११०६ सीसी.

म्हणजे गंमत अशी की आमचं इंजिन फॉर्म्युला ज्युनियरच्या नियमात नापास झालं. काउंट जोव्हान्नी लुरानी यांनी १९५८ मध्ये सुरू केलेली ही छोट्या शर्यती गाड्यांची श्रेणी. इंजिन बाजारात विकल्या जाणाऱ्या गाडीचंच हवं, कॅमशाफ्ट (व्हॉल्व उघडणारा दांडा) हेडवर चढवायचा नाही. गाडीचं वजन किमान ४०० किलो असेल तर ११०० सीसीपर्यंत मुभा, ३६० किलो असेल तर १००० पर्यंत. ७५ चा स्ट्रोक कायम ठेवला तर ११०० च्या आत राहायला बोअर फार तर ६८.३ पर्यंत नेता येतो. फियाटला जन्मतःच मोकळीक मिळालेली ती ०.३ मिलिमीटरची.

एवढ्याशा जागेत खेळणारा उस्ताद म्हणजे इटलीतल्या मोदेनाचा व्हित्तोरिओ स्तांग्वेल्लिनी. घरची फियाटची एजन्सी, मागच्या बाजूला वर्कशॉप. फेरारी आणि मासेराती ज्या गावच्या, त्याच गावात बसून हा माणूस लोकांच्या ११०० सीसीच्या फियाट जलद करून देत होता. त्याच्या फॉर्म्युला ज्युनियर गाडीनं सुरुवातीची दोन वर्षं इतरांना उभं राहू दिलं नाही. १९५९ ला मोनाकोतली ज्युनियरची शर्यत मिखाएल माय यानं स्तांग्वेल्लिनीतूनच मारली. दोन वेबर कार्ब्युरेटर, ८० अश्वशक्तीच्या आसपास, फेऱ्या ७००० च्या घरात.

मिस्त्रींचा ८० वर विश्वास नाही. "तीन मेन बेअरिंगवर? क्रँक नाचेल." नाचतोच. म्हणून तर पुढचं काम.

१० डिसेंबर २०२३

कनेक्टिंग रॉडचा, म्हणजे पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्यांचा दिवस. क्रँक पॉलिश होऊन आलाय, जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) चांगले आहेत.

चारही रॉड स्वच्छ करून वजन केलं. सगळ्यात जड आणि सगळ्यात हलका यांत ९ ग्रॅमचा फरक. टॅक्सीत हे कुणी पाहत नाही, पाहायची गरजही नाही. पण ७५ च्या स्ट्रोकवर ५००० फेऱ्यांना हे ९ ग्रॅम वरच्या टोकाला साडेनऊ किलोच्या ओढीएवढे होतात, ७००० ला अठरा किलोंच्या वर. फेऱ्या दीडपटही वाढलेल्या नाहीत आणि ओढ मात्र जवळजवळ दुप्पट, कारण ती फेऱ्यांच्या वर्गानं वाढते. तीन बेअरिंगच्या क्रँकला दर फेरीत असा हिसका बसला तर तो दोन बेअरिंगांच्या मधे वाकतो, आणि शेवटी तुटतो तोही तिथेच.

नुसतं एकूण वजन सारखं करून भागत नाही. मोठं टोक क्रँकबरोबर गोल फिरतं, लहान टोक पिस्टनबरोबर वरखाली होतं, म्हणून दोन्ही टोकं वेगवेगळी तोलावी लागतात. एक टोक दोऱ्यानं टांगायचं, दुसरं काट्यावर टेकवायचं, रॉड आडवा राहील असं बघायचं. मग फाइलनं कडेचं धातू थोडं थोडं काढायचं, ओरखडा रॉडच्या लांबीच्या दिशेनंच जाईल याची काळजी घेत. आडवा ओरखडा राहिला की चिरेची सुरुवात तिथून. शेवटी एमरी कागद. भाच्यानं दोन रॉड केले, दोन मी. दुपार गेली. आता चारही रॉड दोन्ही टोकांना अर्ध्या ग्रॅमच्या आत आहेत.

या कामात जादू कुठेच नाही. ट्यूनिंग म्हटलं की लोकांना मोठे कार्ब्युरेटर आणि आवाज आठवतो. मोदेना काय, तुरीन काय, तिथल्या वर्कशॉपमध्ये बहुतेक वेळ असाच जात असणार: चार सारख्या वस्तू खरोखर सारख्या करण्यात.

२४ डिसेंबर २०२३

हेड. नव्या सीट बसल्या, व्हॉल्व लॅपिंग (सीटवर घासून घट्ट बसवणं) झालं. आता चेंबरचं, म्हणजे हेडमधल्या पेट्रोल जळायच्या खळग्याचं माप.

मित्रानं कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमधून ब्युरेट आणलं. हेड उलटं ठेवायचं, प्लग आणि व्हॉल्व लावून, चेंबरच्या कडेला ग्रीस, वर भोक पाडलेली अॅक्रिलिकची पट्टी दाबायची, आणि रंगवलेलं रॉकेल त्या भोकातून थेंब थेंब सोडायचं. हवेचा बुडबुडा राहिला की माप खोटं. शेवटचा बुडबुडा भोकाच्या काठाशी येऊन अडतो आणि काही केल्या निघत नाही. हेड जरासं कलतं केलं की निघतो. चार चेंबरांत मिळून २ सीसीचा फरक निघाला. लहान चेंबर घासून मोठ्याच्या बरोबरीला आणले.

गास्केट धरून आत्ता प्रत्येक सिलिंडरला ४२ सीसी जागा उरते, म्हणजे कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) साधारण ७.६. ती ३८ वर आणली तर ८.३ होईल. पंपावरच्या साध्या पेट्रोलला एवढं झेपेल. त्यासाठी हेड साधारण सव्वा मिलिमीटर फेस करावं, म्हणजे खालून कातून काढावं लागेल. वाकही त्यातच निघेल. मिस्त्रींनी आधी हेडची जाडी मोजली, यापूर्वी कुणी फेस केलेलं नाही याची खात्री केली, मगच होकार दिला.

गोर्दिनीचा फलक आज लिहायला घेतला. आमेदे गोर्दिनी बोलोन्याजवळच्या बाद्झानोचा, १८९९ चा जन्म, तरुणपणी पॅरिसला गेला आणि तिथलाच झाला. फ्रान्समध्ये सिम्का ही कंपनी परवान्यावर फियाट करायची, जसं आपल्याकडे प्रीमियरनं पुढे केलं. सिम्का ८ म्हणजे आपली ५०८ सी. गोर्दिनीनं तिच्यावर हात चालवला आणि फ्रेंच लोकांनी त्याला 'जादूगार' म्हणायला सुरुवात केली. १९४८ मध्ये फ्रान्समधल्या रॅंसला अर्जेंटिनाचा शर्यतपटू फांजिओ युरोपात पहिल्यांदा धावला तो सिम्का-गोर्दिनीतून. पैसे कधीच पुरेसे नसायचे, गाड्या वेगवान आणि नाजूक. पुढे रेनोकडे गेल्यावर १९६४ ची रेनो ८ गोर्दिनी झाली, ११०८ सीसीत ९५ अश्वशक्ती, निळ्या अंगावर पांढरे पट्टे. लोकांना तीच माहीत असते. आमच्या फलकावर ती एका ओळीतच.

७ जानेवारी २०२४

सायलेन्सर. मिस्त्रींच्या ओळखीच्या फॅब्रिकेटरनं करून दिला: आत भोकं पाडलेली सरळ नळी, भोवती ग्लास वूल, वर पत्र्याचं कवच. मूळ सायलेन्सरात वायू पडद्यांवर आपटत वळणं घेत जातो, यात सरळ जातो. कॉलेजच्या आवारात किती आवाज चालेल, हा प्रश्न मित्रावर सोपवला.

सायलेन्सर आणि आबार्थ यांना वेगळं करता येत नाही. कार्ल आबार्थ, पुढे कार्लो, १९०८ चा, व्हिएन्नाचा. आधी मोटरसायकलवाला. साइडकार घेऊन ओरिएंट एक्स्प्रेस रेल्वेशी शर्यत लावणारा आणि जिंकणारा. युद्धानंतर चिसितालियात शर्यत विभाग त्याच्याकडे होता. दुझिओनं ग्रां प्रीच्या गाडीचं स्वप्न पोर्शच्या अभियंत्यांकडून कागदावर उतरवून घेतलं आणि त्यात कंपनी बुडाली. दुझिओ अर्जेंटिनाला गेला. शिल्लक राहिलेल्या गाड्या आणि सामान घेऊन १९४९ ला आबार्थनं स्वतःची कंपनी काढली, चिन्ह स्वतःच्या राशीचं, विंचू.

नुव्होलारीची शेवटची शर्यत आबार्थच्याच गाडीतली. १० एप्रिल १९५०, पालेर्मोजवळचा मोन्ते पेल्लेग्रिनोचा घाट, आबार्थ २०४ ए, आपल्या गटात पहिला. इंजिन ११०० फियाटचं. हे वाक्य मी मिस्त्रींना वाचून दाखवलं. "म्हणजे तो शेवटी पद्मिनीच चालवून गेला," असं म्हणून ते पुन्हा वेल्डिंगकडे वळले. फलकाला यापेक्षा चांगला मथळा सुचणार नाही.

शर्यतींनी आबार्थचं पोट भरत नव्हतं. भरलं ते सायलेन्सरनी. साध्या फियाटवाल्यानं विकत घ्यावा, स्वतः बसवावा आणि शेजाऱ्याला ऐकवावा असा माल. पुढे लहान फियाटसाठी लाकडी पेटीत सगळं किट: कॅमशाफ्ट, पिस्टन, कार्ब्युरेटर, सायलेन्सर. गावच्या मेकॅनिकनं पेटी उघडायची आणि गाडी जलद करायची. नुसता हुशार मेकॅनिक म्हणून राहिला असता तर त्याचं नाव मोदेना-तुरीनबाहेर गेलं नसतं. या पेटीनं ते जगभर नेलं. १९६५ ला इटलीतल्या मोंझा ट्रॅकवर विक्रमाच्या अरुंद गाडीत मावावं म्हणून या बहाद्दरानं सफरचंदं खाऊन तीस किलो वजन उतरवलं होतं. पन्नाशी ओलांडलेली असताना! ही गोष्ट फलकावर घ्यायचीच, मुलांना तीच लक्षात राहील. आबार्थ आणि गोर्दिनी दोघंही १९७९ मध्ये गेले.

२१ जानेवारी २०२४

जोडणी पूर्ण. मेन बेअरिंग, रॉड, टायमिंग चेन, हेड. हेडचे नट मधून बाहेर या क्रमानं, तीन टप्प्यांत आवळले. टॅपेट लावून झाले. सोलेक्स कार्ब्युरेटर मूळचाच ठेवला, फक्त जेट साफ आणि एक नंबर मोठा. दोन वेबर लावायचा मोह भाच्याला आहे, बजेटला नाही.

स्तांग्वेल्लिनीच्या फलकाला शेवट हवा होता, तो लिहिला. १९६० ला मोनाकोत ज्युनियरची शर्यत कूपर-बीएमसीनं नेली. इंग्लंडच्या कूपर आणि लोटसवाल्यांनी इंजिन चालकाच्या मागे टाकलं होतं. पुढे इंजिन असलेली स्तांग्वेल्लिनी एका हंगामात म्हातारी झाली. कूपरमधलं बीएमसीचं इंजिनही काही वेगळ्या जातकुळीचं नव्हे, बाजारातल्या साध्या गाडीचंच, ए-सिरीज. पुढच्याच वर्षी जॉन कूपरनं ते ९९७ सीसीचं करून मिनीत घातलं आणि मिनी कूपर झाली. तिच्या उस्तादांवर इंग्लंडमध्ये ढिगानं लिहिलं गेलंय, म्हणून आमच्या फलकांत ती नाही.

फलक चार झाले. पाचव्यावरून आज वाद झाला. मित्राचं म्हणणं, पाचवा वालचंद हिराचंद आणि प्रीमियरचा हवा: सोलापूरचा माणूस, १९४४ ची कंपनी, कुर्ल्याचा कारखाना. बरोबर आहे, पण ते गाडी बनवणारे, पळवणारे नव्हेत. मिस्त्री मधेच म्हणाले की त्यांचे उस्ताद शोलावरमला जाणाऱ्या एका फियाटचं हेड करून द्यायचे. शोलावरम म्हणजे मद्रासजवळची जुनी धावपट्टी. युद्धातल्या त्या विमानतळावर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब शर्यती घ्यायचा आणि देशभरातून लोक आपापल्या फियाट, हेराल्ड गाड्या घेऊन जायचे. उस्ताद काय काय करायचे, हे मिस्त्री सांगत गेले: हेड फेस करायचं ते गास्केटची जाडी बघून, फ्लायव्हील लेथवर हलकं करायचं, टायमिंग गाडी घाटात पळवून कानानं लावायचं. मुलं शिकताना पाना चुकीचा दिला की तोच पाना पाठीत.

पाचवा फलक तो. वालचंदांची माहिती त्यातच दोन ओळींत.

४ फेब्रुवारी २०२४

आज चालू केलं. आधी प्लग काढून स्टार्टरवर फिरवलं, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत. मग प्लग लावले. थोडा वेळ नुसतंच खोकत होतं. मिस्त्रींनी डिस्ट्रिब्युटर हातानं किंचित फिरवला आणि इंजिनानं सूर धरला. पाण्याची गळती नाही, ऑइलची एक बारीक, टायमिंग कव्हरच्या खालच्या कोपऱ्यात. गास्केट बदलायचं.

आयडलिंग अपेक्षेपेक्षा स्थिर. रॉडच्या वजनाचं फळ म्हणायचं की नव्या माउंटिंगचं, हे इथं कळणार नाही. फेऱ्या ३५०० च्या वर नेल्या नाहीत, नवे पिस्टन आहेत. प्रदर्शनातही नेणार नाही, ८० अश्वशक्तीच्या गप्पा फलकावरच. आवाज सायलेन्सरमुळे जरा भरदार आहे. शेजारच्या सोसायटीतले एक आजोबा गेटवर येऊन विचारून गेले, "फियाट का?"

राहिलेली कामं: स्टँडला ब्रेक असलेली चाकं, पंख्याला जाळी, अग्निशामक, पेट्रोलची टाकी स्टँडपासून दूर नेणं. फलक शनिवारी छापून येतील. मिस्त्रींनी पाचव्या फलकाचा मसुदा वाचला, पान्याची गोष्ट तेवढी काढायला सांगितली आणि त्या जागी फ्लायव्हीलमधून किती किलो काढायचे ते लिहा म्हणाले. आकडा त्यांना आठवतोय: दोन.